पहूरसाठीं पुस्तकांची पेटी

दिवाळी जवळ आली किंवा उन्हाळ्याची सुटी लागली, म्हणजे सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : दहा-बारा वर्षांच्या मुलाला वाचावयास काय द्यावें? धाकट्या भावंडाची अडचण नसते. चित्रांचें पुस्तक हातीं दिलें कीं त्याचें समाधान होतें. वडील भावाला कपाट उघडें करून दिलें कीं तो आपलें आपण शोधून घेतो. पंचाईत होते ती मधल्याची. चिमणी-कावळ्याच्या गोष्टी त्याला आतां पोरकट वाटूं लागलेल्या असतात, आणि वडिलांच्या कपाटांतील कादंबरी तो चार पानें चाळून मुकाट्यानें परत ठेवतो. अक्षरओळख होऊन तीन-चार वर्षें लोटलेलीं असतात, पण वाचन अजून अंगवळणीं पडलेलें नसतें. नऊ ते तेरा ह्या चार-पांच वर्षांतच मूल एक तर वाचक होतें, नाहीं तर पुढें पदव्या मिळवूनहि क्रमिक पुस्तकाखेरीज दुसरें पुस्तक न उघडणाऱ्या गृहस्थांच्या पंक्तीला जाऊन बसतें. अशा गृहस्थांची आपल्याकडे वाण नाहीं.

मुंबई-पुण्यास ह्या प्रश्नाचें उत्तर चुकलें तरी फारसें बिघडत नाहीं. एक पुस्तक नापसंत ठरलें तर दुसरें मिळावयास दूर जावें लागत नाहीं. पहूरसारख्या गांवीं मात्र चुकलेलें पुस्तक हेंच कदाचित् त्या वर्षाचें एकमेव पुस्तक असतें. पहूर हें जळगांव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यांतील गांव. पेठ आणि कसबा असे त्याचे दोन भाग आहेत. जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता येथून जातो, आणि पाचोऱ्याहून शेंदुर्णीवरून जामनेरास जाणारी अरुंद रुळांची छोटी आगगाडी येथें थांबत असे. सुमारें छप्पन किलोमीटरांची ती वाट गाडीनें शंभर वर्षें डुलत-डुलत कापली आणि २०२० सालीं ती बंद पडली. अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास निघालेले प्रवासी पूर्वीं पहूरच्या स्थानकावर उतरत. सारांश, जगाचें येणें-जाणें ह्या गांवाला अपरिचित नव्हतें. पण दहा वर्षांच्या मुलासाठीं लिहिलेलें पुस्तक अशा स्थानकावर उतरावयाचें, तर तें आधीं कोणी तरी निवडून, बांधून धाडावें लागतें. ही निवड कोण करतो आणि कोणत्या कसोटीवर करतो, ह्याचा मराठींतील इतिहास दोनशे वर्षांचा आहे; आणि त्याचा एक मोलाचा भाग खानदेशांतच घडलेला आहे.

ह्या इतिहासाच्या आरंभीं मूल फारसें दिसत नाहीं. दिसतात त्या मंडळ्या, दरबार आणि कचेऱ्या. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाला असलेल्या सखण्णा पंडितांनीं इसापाच्या कथा ‘बालबोध मुक्तावलि’ ह्या नांवानें मराठींत आणल्या, त्या एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकांत छापून निघाल्या. पुढें बंगाल्यांत श्रीरामपूर येथें वैजनाथ शर्मा ह्यांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ सालीं व ‘पंचतंत्र’ १८१५ सालीं मोडी लिपींत छापलें गेलें. मुंबईस १८२२ मध्यें शाळा व शाळांचीं पुस्तकें ह्यांसाठीं मंडळी स्थापन झाली, आणि तिच्या कामावर असलेल्या सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे ह्यांनीं १८२८ सालीं ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ हीं दोन पुस्तकें दिलीं. ‘बाळमित्रा’चें मूळ फ्रेंच. आर्नो बेर्कें नांवाच्या ग्रंथकारानें १७८२ व १७८३ ह्या दोन वर्षांत मुलांसाठीं महिन्या-महिन्यानें लहान-लहान पुस्तकें काढलीं होतीं. तीं इंग्रजींत गेलीं आणि इंग्रजींतून छत्र्यांच्या लेखणीनें मराठींत उतरलीं. छत्र्यांची भाषा साधी व गोड आहे. मराठी मुलाच्या वाट्याला आरंभींच इतकें चांगलें गद्य आलें, हें त्याचें भाग्य म्हटलें पाहिजे.

परंतु मंडळीनें पुस्तक पसंत केलें तें भाषेसाठीं नव्हे. ह्यापासून मूल काय शिकेल, हा तिचा प्रश्न होता. तो गैर होता असें नाहीं. ज्या काळीं शाळा उघडावयाच्या आणि त्याच वेळीं तिच्यांतलीं पुस्तकेंहि तयार करावयाचीं, त्या काळीं दुसरा प्रश्न सुचणेंहि कठीण होतें. दुर्दैव एवढेंच कीं, शाळा झाल्या, छापखाने झाले, तरी पुस्तक निवडणाऱ्यांच्या तोंडीं हाच एक प्रश्न राहिला. मूल हें पुस्तक शेवटपर्यंत वाचील काय, असा दुसरा एक प्रश्न विचारतां येतो, हें कळावयास फार दिवस लागले. तो विचारण्याचा अधिकार मंडळीला नसतो. ज्याच्या समोर मूल बसलेलें आहे, त्यालाच तो असतो.

विनायक कोंडदेव ओक ह्यांचें ‘बालबोध’ मासिक १८८१ सालीं निघालें. ओक १९१४ सालीं वारले, तोंपर्यंत त्यांनीं तें जवळजवळ एकहातीं लिहिलें. त्यांनीं लिहिलेल्या मजकुराची मोजदाद झालेली आहे : ४०२ चरित्रें, ४०२ कविता, ४०२ निबंध. ह्या आंकड्यांचा अर्थ उघड आहे. अंक चारशें दोन, आणि प्रत्येक अंकांत एक चरित्र, एक कविता, एक निबंध. साडेतेहतीस वर्षें खंड नाहीं. एवढ्या निष्ठेपुढें मान लवते, आणि तरीहि मनांत येतें कीं, चारशें दोन महिन्यांत एखादा महिना असाहि यावयास हवा होता, कीं ज्यांत निबंधाला सुटी देऊन ओकांनीं मुलांना एक लांबलचक साहसकथा सांगितली असती. पण ओक शाळाखात्यांतले, आणि मासिकहि शाळेसारखेंच नेमानें भरणारें.

पालट झाला तो खानदेशच्या एका माणसाच्या हातून. वासुदेव गोविंद आपटे ह्यांचा जन्म १८७१ सालीं धरणगांवीं झाला. पदवी त्यांनीं कलकत्ता विश्वविद्यालयाची घेतली, बंगाली भाषा आत्मसात केली आणि बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या मराठींत आणल्या. १९१० सालीं त्यांनीं मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी गोळा करून प्रसिद्ध केल्या. १९२२ सालीं ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश सिद्ध केला. असा कोशकार माणूस मुलांच्या वाटेला जाईल असें कोणास वाटणार नाहीं. पण १९०६ सालीं ‘आनंद’ मासिक काढलें तें त्यांनींच. नांवांतच सगळें आलें. ‘बालबोध’ म्हणजे मुलास करावयाचा बोध. ‘आनंद’ म्हणजे मुलास व्हावयाचा. कोशकाराला एक गुण अनायासें लाभलेला असतो : एका अर्थाचे पांच शब्द त्याच्यापुढें उभे असतात, आणि त्यांतला घरगुती कोणता व पोशाखी कोणता हें तो ओळखतो. दहा वर्षांच्या वाचकासाठीं लिहिणाऱ्याला ह्याहून अधिक उपयोगी विद्या नाहीं. आपटे १९३० सालीं वारले. पुढें ‘आनंद’चें संपादन गोपीनाथ तळवलकरांनीं दीर्घकाळ केलें. धरणगांवानें मराठी मुलांना आणखीहि एक देणें दिलें आहे. बालकवि त्र्यंबक बापूजी ठोमरे तेथेंच १८९० सालीं जन्मले, आणि ‘बालकवि’ हें बिरुद त्यांना १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत मिळालें.

आतां पुस्तक लिहिलें गेलें, छापलें गेलें, तरी तें गांवांत कसें पोंचावें? ह्याचें उत्तर बडोद्यानें काढलें होतें. मालेगांवाजवळच्या कवळाणें गांवीं जन्मलेले सयाजीराव गायकवाड ह्यांनीं १९१० सालीं बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणलें आणि राज्यभर मोफत ग्रंथालयांची योजना आंखली. ज्या खेड्यांत ग्रंथालय नव्हतें, तेथें पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या जात, कांहीं दिवस राहत, आणि परत येऊन दुसऱ्या खेड्याकडे निघत. मुलांसाठीं मध्यवर्ती ग्रंथालयांत निराळा विभाग होता, आणि ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ ह्या मालेंत मराठी व गुजराती पुस्तकें मुद्दाम लिहवून घेतलीं जात. खानदेश इंग्रजी मुलुखांत होता. तेथें पेटी आली नाहीं. जळगांवचें वाचनालय एकोणिसाव्या शतकांतलें खरें, पण तें जळगांवचें. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रांत १९६७ सालीं झाला आणि त्यानंतर लहान गांवांच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. मध्यें अर्धें शतक गेलें.

त्या अर्ध्या शतकांत अंमळनेरला मात्र एक निराळाच प्रयोग होऊन गेला. १९२४ सालीं पांडुरंग सदाशिव साने नांवाचे चोवीस वर्षांचे शिक्षक तेथल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेंत रुजू झाले. हीच शाळा पुढें प्रताप हायस्कूल म्हणून नांवारूपास आली. त्यांच्याकडे छात्रालयाची देखरेख आली. छात्रालयांतील मुलें खेड्यापाड्यांतून आलेलीं. आई-बाप मागें राहिलेले, आणि वय नेमकें तें, ज्याचा हा विचार चालला आहे, किंवा त्याच्या थोडें पुढचें. साने गुरुजींनीं ह्या मुलांचीं अंथरुणें आवरलीं, कपडे धुतले, हें सर्वांना ठाऊक आहे. त्यांनीं मुलांसाठीं रोज एक हस्तलिखित दैनिकहि काढलें, ह्याकडे तितकें लक्ष गेलेलें नाहीं. ‘छात्रालय दैनिक’ हें त्याचें नांव. जगांतल्या घडामोडी, थोरांच्या आठवणी, छात्रालयांतलीच एखादी गोष्ट, हें सगळें एका माणसाच्या हस्ताक्षरांत मुलांपुढें येई. ह्या पत्राचा वाचकवर्ग लहानसा होता, आणि प्रत्येक वाचकाचें नांव, गांव व घरची स्थिति संपादकाला माहीत होती. मजकूर कंटाळवाणा झाला तर तें संध्याकाळच्या आंत मुलांच्या तोंडावर दिसणार. मराठींत मुलांसाठीं लिहिणाऱ्या कोणालाहि ह्याहून कठोर आणि ह्याहून प्रेमळ परीक्षक लाभले नसतील.

१९३० सालीं गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहांत गेले. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनीं उतरून घेतलीं. आणि १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ पांच दिवसांत लिहून झाली. ती १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या प्रकरणांना प्रकरणें म्हटलेलें नाहीं, रात्री म्हटलें आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. दिवसाचें काम आटोपल्यावर मंडळी भोंवतीं बसली आहेत आणि एकजण सांगतो आहे, अशी ती रचना; छात्रालयांतील सहा वर्षांची संवय तिच्यामागें आहे. म्हणूनच हें पुस्तक वाढदिवसाला बांधून देऊन ‘वाच, म्हणजे शहाणा होशील’ असें बजावणें हा त्या पुस्तकावर अन्याय आहे. पुष्कळ मुलांना तें औषधासारखें पाजलें जातें, आणि पुष्कळ मुलें तें औषधासारखेंच टाळतात. घरांतल्या कोणी तरी एका रात्रीं एकच रात्र मोठ्यानें वाचावी आणि पुस्तक मिटावें. पुढची रात्र मुलांनीं मागितली तर वाचावी. गुरुजींनींच इंग्रजी कादंबऱ्या मुलांसाठीं ‘गोड गोष्टी’ म्हणून सांगितल्या आहेत. जॉर्ज इलियटचा सायलस मार्नर तेथें ‘मनूबाबा’ होऊन येतो. ‘श्यामची आई’ ज्यांच्या गळ्याखालीं उतरत नाहीं, अशा मुलांना आधीं हा मनूबाबा भेटवावा.

येथें एक अडचण आहे. शहरांतल्या शिफारस करणाऱ्यांना ती सहसा दिसत नाहीं. पहूरच्या बाजूस घरांत तावडी बोली चालते, पश्चिमेकडे अहिराणी. पुस्तकांतली मराठी ही त्या मुलाची दुसरी भाषा नसली तरी दुसरी पायरी खास आहे. श्यामच्या कोकणांतल्या माडांशीं, होड्यांशीं त्याची ओळख नाहीं. त्याची ओळख कपाशीशीं, केळीशीं, उन्हाळ्यांतल्या कोरड्या नदीशीं. म्हणून दूरदेशींचीं पुस्तकें त्याला देऊं नयेत असें मुळींच नाहीं. दूरचें तें मुलांना आवडतेंच. पण पहिल्या दहा पानांत शब्द अडूं लागले, तर तें मूल पुस्तकाला दोष देत नाहीं, स्वतःला देतें. आपल्याला वाचतां येत नाहीं, असा त्याचा ग्रह होतो आणि तो पुढें निघतां निघत नाहीं. असोद्याच्या बहिणाबाईंचीं गाणीं १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर छापून आलीं, तेव्हां घरांत आजी बोलते ती भाषा पुस्तकांत असूं शकते, हें ह्या भागांतल्या मुलांना प्रथमच दिसलें. पेटींत तें पुस्तक वर असावें. अलीकडचें पाहावयाचें तर खानदेशचेच आबा गोविंदा महाजन ह्यांच्या ‘आबाची गोष्ट’ ह्या कथासंग्रहाला २०२० सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे.

साने गुरुजींच्या मुलांना डोळ्यांत पाणी आणून वाचावयाची संवय लागली. हंसत वाचावयाची संवय लावली ती नारायण धोंडदेव ताम्हनकरांनीं. त्यांचा ‘गोट्या’ आदर्श बालक नाहीं, आणि वाईट मुलाचा नमुनाहि नाहीं. तो एक मुलगा आहे. ह्यापूर्वींच्या पुस्तकांत मुलें असत, पण तीं बहुधा कशाचें तरी उदाहरण म्हणून असत. ‘चिंगी’ ही त्यांचीच. आणि मुलगीहि खोड्या करूं शकते, हें ज्या घरांत अद्याप मान्य झालेलें नाहीं, तेथें ती विशेषेंकरून द्यावी. मुलांस साहस आणि मुलींस गृहकृत्य, अशी पुस्तकांची वांटणी करणारे वडील अजून आढळतात. मुलींना विचारलें तर त्या साहसच मागतात.

तें साहस भास्कर रामचंद्र भागवतांनीं पुरविलें. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी त्यांनीं मराठींत आणल्या, आणि मग स्वतःचा एक नायक निर्माण केला : फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनांत शिकणारा, सायकलीवर स्वार होऊन संकटांत उडी घेणारा फास्टर फेणे. त्याचीं वीस पुस्तकें आहेत. एकाच नायकाचीं इतकीं पुस्तकें कशाला, असें साहित्याचे जाणकार विचारतात. त्याचें उत्तर ह्या वयाच्या मुलांना विचारावें. एकदां फेणे आवडला कीं दुसरें पुस्तक कोणतें घ्यावें ही चिंताच उरत नाहीं; आणि वीस पुस्तकें वाचून झालेल्या मुलाला एकविसावें कोणाचेंहि चालतें. वाचनाचा वेग असा वाढतो. सत्यजित राय ह्यांच्या फेलूदाच्या कथाहि मराठींत आलेल्या आहेत, त्या ह्याच कामाच्या. भागवतांनीं १९५१ सालीं मुलांसाठीं मासिक काढलें, त्याचें नांव ‘बालमित्र’. छत्र्यांच्या पुस्तकाला तेव्हां एकशें तेवीस वर्षें झालीं होतीं. नांव जवळजवळ तेंच राहिलें, मित्र मात्र खरोखरच मित्र झाला होता.

१९७१ सालीं पाठ्यपुस्तक मंडळानें ‘किशोर’ मासिक सुरू केलें. पाठ्यपुस्तकें काढणाऱ्या संस्थेनेंच पाठ्यपुस्तकाबाहेरचें वाचन पुरवावें, ही गोष्ट १८२८ पासूनचा इतिहास पाहतां थोडी गमतीची वाटते. पण काम उत्तम झालें. मोठमोठ्या लेखकांनीं त्यांत लिहिलें, किंमत अल्प राहिली, आणि आतां त्याचे जुने अंक आंतरजालावर विनामूल्य वाचतां येतात. माधुरी पुरंदरे ह्यांनीं संपादिलेल्या ‘वाचू आनंदे’ ह्या संग्रहाचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. त्यांत प्रौढांच्या साहित्यांतूनच वेंचे घेतले आहेत, ते बालगट आणि कुमारगट असे लावले आहेत, आणि शेजारीं चित्रकारांचीं चित्रें आहेत. मधल्या वयाच्या मुलाला वडिलांच्या कपाटाकडे नेणारी पायवाट म्हणून ह्याहून चांगलें पुस्तक मराठींत दाखवितां येणार नाहीं.

आतां पहूरची पेटी भरावयास घ्यावी. पंचवीस-तीस पुस्तकें पुरेत. शंभर पाठविलीं तर तीं कपाटांत कुलूपबंद होतील. गोट्या आणि चिंगी दोन्ही हवीं. फास्टर फेणे दोन-तीनच, म्हणजे पुढच्यांची मागणी येईल. व्हर्न, फेलूदा, ‘मनूबाबा’, ‘बोक्या सातबंडे’, जपानांतल्या एका आगळ्या शाळेची गोष्ट सांगणारें ‘तोत्तोचान’, ‘किशोर’चें एक वर्ष बांधून, बहिणाबाई, ‘वाचू आनंदे’. अजिंठ्यावर मुलांना कळेल असें एखादें चित्रांचें पुस्तक अवश्य असावें. ज्या वाघूर नदीच्या कड्यांत तीं लेणीं कोरलीं, तीच पुढें पहूरवरून वाहते, आणि चोवीस कोसांवरून पाहुणे जें पाहावयास येतात तें आपल्याच नदीकांठीं आहे हें मुलांना पुस्तकांतूनहि कळावें. बक्षीससमारंभांत देण्याजोगीं, सोनेरी अक्षरांचीं चरित्रें थोडीं कमी झालीं तरी चालतील. पेटीला कुलूप नसावें. दोन-तीन महिन्यांनीं ती शेंदुर्णीला जावी आणि शेंदुर्णीची पहूरला यावी. आगगाडी बंद झाली असली तरी मोटारीच्या टपावर पेटी चढते. पेटीच्या झांकणाला दोऱ्यानें एक वही बांधलेली असावी. तींत मुलांनीं पुस्तकाविषयींचें मत लिहूं नये. मत लिहावयास सांगितलें कीं मुलें गुरुजींना आवडेल तें लिहितात. पुस्तकाचें नांव आणि आपण कोणत्या पानापर्यंत पोंचलों तो आंकडा, एवढेंच लिहावें. पुढची पेटी भरणाऱ्यानें ती वही घेऊन दुकानांत जावें.